मोबाइलवर रंगीत नकाशा : रंग भरण्याआधी काय ठरवायचं?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आजचा विषय अगदी साधा वाटेल असा आहे. हातात आकडे आहेत, मार्गदर्शक म्हणाले की "हे नकाशावर दाखवा", आणि भूगोलाची खास सॉफ्टवेअरं तुम्हाला अजून येत नाहीत. अशा वेळी मोबाइलवरचं ॲप कामाला येतं. मॅपचार्टसारखं ॲप उघडायचं, कोरा नकाशा निवडायचा, जिल्ह्यावर बोट ठेवायचं, रंग भरायचा, सूची लिहायची आणि चित्र उतरवून घ्यायचं. दहा मिनिटांचं काम.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. असं ॲप फक्त रंग भरतं. कोणता जिल्हा गडद आणि कोणता फिका, हे आपण ठरवतो. म्हणजे नकाशातलं विधान आपलं असतं. सादरीकरणात कुणी विचारलं की "रत्नागिरीला हा रंग का?", तर "ॲपमध्ये तसा आला" हे उत्तर चालत नाही. त्यामुळे खरं काम नकाशावर बोट लावायच्या आधीचं आहे. ते कसं करायचं, हे आपण आपल्या कोकणाचंच उदाहरण घेऊन पाहू.

हा नकाशा तुम्ही शाळेत पाहिला आहे

नववीच्या भूगोलात वितरणाचे नकाशे होते, आठवतं? टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत आणि सममूल्य पद्धत. आपण ॲपमध्ये करतो तो क्षेत्रघनी नकाशा. प्रत्येक प्रशासकीय विभागाला त्याच्या आकड्यानुसार एक छटा द्यायची. फ्रान्समध्ये शार्ल द्यूपँ यांनी १८२६ साली शिक्षणाच्या प्रसाराचा असा नकाशा केला. या प्रकारातला तो पहिला मानला जातो. विशेष म्हणजे त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलांची नुसती संख्या रंगवली नाही, लोकसंख्येशी तिचं गुणोत्तर काढून मग छटा दिल्या. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची ही काळजी आपण फोनवर काम करतानाही घ्यायला हवी.

पहिला निर्णय : संख्या की प्रमाण?

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांची लोकसंख्या अशी होती : रत्नागिरी ३,१९,४४९, चिपळूण २,७९,१२२, संगमेश्वर १,९८,३४३, खेड १,८१,६१५, दापोली १,७८,३४०, राजापूर १,६५,८८२, गुहागर १,२३,२०९, लांजा १,०६,९८६ आणि मंडणगड ६२,१२३. एकूण १६,१५,०६९.

रत्नागिरी आणि चिपळूण या दोनच तालुक्यांत जिल्ह्याची सुमारे ३७ टक्के माणसं आहेत. मंडणगडात चार टक्केही नाहीत. आता तुम्ही दुचाकी मोजा, रेशनकार्डं मोजा, तापाचे रुग्ण मोजा, नाहीतर पदवीधर मोजा. नुसती संख्या रंगवलीत तर बहुतेक वेळा रत्नागिरी-चिपळूण गडद आणि मंडणगड फिका असंच चित्र येणार. विषय कोणताही असो, नकाशा लोकसंख्येचाच निघतो.

एक काल्पनिक हिशोब करू. समजा एखाद्या आजाराचे रत्नागिरी तालुक्यात ३०० रुग्ण आहेत आणि मंडणगडात १००. संख्येच्या नकाशात रत्नागिरी गडद. पण दर लाख लोकांमागे काढलं तर रत्नागिरीत सुमारे ९४ आणि मंडणगडात सुमारे १६१. चित्र उलटलं! आरोग्य पथक आधी कुठे पाठवायचं, हा प्रश्न असेल तर कोणता नकाशा समोर ठेवलात यावर उत्तर बदलू शकतं.

म्हणून नियम असा : संपूर्ण क्षेत्राला रंग भरायचा असेल तर टक्केवारी, दर, घनता किंवा गुणोत्तर घ्या. संख्याच दाखवायची असेल तर त्या जागी लहान-मोठी वर्तुळं काढा.

आणि भागायचं कशानं, हेही विचारपूर्वक ठरवा. शाळकरी मुलांची गळती काढताना संपूर्ण लोकसंख्येनं भागून उपयोग नाही, पटावरच्या मुलांच्या संख्येनं भागावं लागेल.

दुसरा निर्णय : गट कुठे तोडायचे?

आता जिल्हा पातळीवर येऊ. २००१ ते २०११ या दहा वर्षांत कोकण विभागातल्या जिल्ह्यांच्या लोकसंख्येत किती टक्के बदल झाला, ते पाहा :

मुंबई शहर : −७.६
रत्नागिरी : −४.८
सिंधुदुर्ग : −२.२
मुंबई उपनगर : ८.३
रायगड : १९.३
ठाणे : ३६.०

रत्नागिरीत २००१ साली १६,९६,७७७ माणसं होती. दहा वर्षांत ८१,७०८ कमी झाली. महाराष्ट्रात त्या दशकात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच, आणि ते तिन्ही या यादीत आहेत.

हे सहा आकडे तीन रंगांत बसवायचे आहेत. सोप्या रीती दोन.

पहिली, समान अंतराची. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेऊन मधल्या अंतराचे तीन सारखे तुकडे करायचे. इथे तुकडे पडतात −७.६ ते ६.९, ६.९ ते २१.५ आणि २१.५ ते ३६. पहिल्या गटात मुंबई शहर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. दुसऱ्यात उपनगर आणि रायगड. तिसऱ्यात एकटं ठाणे. विभागणी ठीक आहे, पण सूचीत "−७.६ ते ६.९" असा गट आला. म्हणजे घटणारा जिल्हा आणि थोडा वाढणारा जिल्हा एकाच रंगात जाऊ शकतो. या यादीत तसा जिल्हा नाही म्हणून निभावलं इतकंच.

दुसरी रीत सारख्या संख्येची. सहा जिल्हे, तीन गट, प्रत्येकात दोन. मग मुंबई शहर आणि रत्नागिरी एकत्र, रायगड आणि ठाणे एकत्र, आणि मधल्या गटात सिंधुदुर्ग आणि मुंबई उपनगर! एक जिल्हा २.२ टक्क्यांनी घटलेला, दुसरा ८.३ टक्क्यांनी वाढलेला, आणि दोघांचा रंग एक. गणिताच्या दृष्टीनं यात काही चूक नाही. पण कणकवलीच्या माणसानं तो नकाशा पाहिला तर त्याला वाटेल की आपला जिल्हा अंधेरी-बोरिवलीसारखा वाढतो आहे.

इथे शून्य ही नैसर्गिक सीमारेषा आहे. ती आधी आखायची, मग दोन्ही बाजूंचे उपगट करायचे. तुमच्या विषयातही अशी एखादी रेषा असते का, हे शोधा. लिंग गुणोत्तरात १०००, पावसात सरासरी, परीक्षेत उत्तीर्ण होण्याची टक्केवारी.

उपगट करतानाही जपून. घट दाखवताना −५ वर रेषा मारली तर रत्नागिरी (−४.८) सिंधुदुर्गाबरोबर फिक्या गटात जाते. तीच रेषा −४ वर मारली तर रत्नागिरी मुंबई शहराबरोबर गडद होते. एका टक्क्याच्या सरकवण्यानं जिल्ह्याचं चित्र बदलतं. म्हणून रेषा आधी ठरवा, कारण वहीत लिहून ठेवा आणि मग रंगवा. आधी रंगवून, "अजून जरा परिणामकारक दिसू दे" म्हणून रेषा हलवणं म्हणजे निष्कर्षाला हव्या त्या बाजूला ढकलणं. आणि जिल्हे इतके थोडे असतील तर प्रत्येकावर आकडाच लिहून टाका, म्हणजे वाचणाऱ्याला गट पटले नाहीत तरी खरी किंमत समोर असते.

तिसरा निर्णय : कोणते रंग?

आकडे शून्यापासून चढत जाणारे असतील (साक्षरता, घनता) तर एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदपर्यंत छटा घ्या. आपल्या उदाहरणासारखे शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतील तर दोन रंग : घटीकडे नारिंगी गडद होत जाणारा, वाढीकडे निळा गडद होत जाणारा, आणि शून्याजवळ दोन्ही फिके. लाल, पिवळा, हिरवा, जांभळा असे सुटे रंग प्रमाणासाठी वापरू नका. पिवळा जास्त की जांभळा, हे डोळ्यांना कळत नाही, दर वेळी सूचीकडे पळावं लागतं. सुटे रंग प्रकार वेगळे दाखवायला ठीक, उदाहरणार्थ मातीचे प्रकार.

लाल-हिरवी जोडी टाळा. काही जणांना, त्यातही पुरुषांना जास्त, या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही. शिवाय आपल्याकडे भगवा, हिरवा, निळा हे रंग बघितले की लोक आधी राजकारण वाचतात. साक्षरतेचा नकाशा निवडणुकीच्या निकालासारखा दिसला तर चर्चा भलतीकडे जाते.

रंग निवडायला सिंथिया ब्रूअर यांचं कलरब्रूअर हे मोफत साधन वापरा. त्यात किती गट हवेत ते सांगितलं की तपासलेल्या छटा मिळतात आणि प्रत्येक छटेचा कोड मिळतो. तो कोड वहीत लिहून ठेवा. बऱ्याच ॲपमध्ये हा कोड टाकून रंग निवडता येतो, त्यामुळे प्रबंधातले दहा नकाशे एकाच रंगसंगतीत राहतात.

आता झेरॉक्सचा मुद्दा. प्रबंधाच्या प्रती पुष्कळदा काळ्या-पांढऱ्या निघतात. गडद नारिंगी आणि गडद निळा झेरॉक्समध्ये सारखेच करडे दिसतात, म्हणजे ठाणे आणि मुंबई शहर एकच होतील. चित्र तयार झालं की फोनच्या गॅलरीत ते कृष्णधवल करून बघा. फरक दिसत नसेल तर जिल्ह्यांवरचे आकडे हाच उपाय. आणि "माहिती उपलब्ध नाही" यासाठी वेगळा करडा रंग किंवा तिरप्या रेघा ठेवा. कोरं पांढरं सोडलंत तर वाचणारा ते शून्य समजतो.

चौथा निर्णय : कोणत्या सालच्या सीमा?

ॲपमध्ये सहसा आजचे जिल्हे असतात आणि आपले आकडे जुने असतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. वर दिलेली ३६ टक्क्यांची वाढ जुन्या, पालघरसकट ठाण्याची आहे. आजच्या नकाशावर पालघर कोरा ठेवणं चूक, आणि वसई-डहाणूचे आकडे मनानं काढणं त्याहून चूक. दोन्ही जिल्ह्यांना एकच रंग द्या आणि खाली तळटीप टाका.

रत्नागिरीचंही तसंच. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीच्या कागदपत्रांत "रत्नागिरी जिल्हा" म्हणजे सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंतचा मुलूख. १९७१ चा आकडा आणि २०११ चा आकडा तसेच शेजारी ठेवलेत तर जिल्ह्यातली माणसं बरीच घटली असं दिसेल. खरं तर जिल्हाच लहान झाला आहे.

नावंही बदलतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आकडे जुळवताना नावापेक्षा कोडवर भरवसा ठेवा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याचा कोड ५२८ आहे. स्पेलिंग कसंही असलं तरी कोड तोच.

आणि देशाच्या सीमेबद्दल एक गंभीर सूचना. परदेशात तयार झालेल्या अनेक ॲपमध्ये जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे नसते. त्या विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून भारताचा नकाशा वापरायचा असेल तर सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरच्या नकाशाशी ताडून पाहा. विषय कोकणाचा असेल तर कोकणापुरताच नकाशा कापून घ्या.

आता ॲप उघडा

बटणांची नावं ॲपनुसार बदलतील, पण क्रम हाच ठेवा :

१. आधी कागदावर किंवा फोनच्या तक्त्यात जिल्हा, आकडा, गट आणि रंगाचा कोड असे चार रकाने भरा.
२. ॲपमध्ये नकाशा निवडा आणि त्यातले जिल्हे मोजा. तुमच्या तक्त्याशी संख्या जुळते का?
३. एक रंग निवडा, त्या गटातले सगळे जिल्हे भरा, मग पुढचा रंग. जिल्हावार उड्या मारू नका, चुका होतात.
४. मुंबई शहरासारखे छोटे जिल्हे दोन बोटांनी मोठे करून भरा. बोट शेजारच्या जिल्ह्यावर पडणं फार सोपं आहे.
५. शीर्षकात विषय, प्रदेश आणि साल लिहा. सूचीत एकक लिहा, गट एकमेकांवर चढू देऊ नका.
६. काम साठवून ठेवण्याची सोय असेल तर ती फाइल जपा. नुसतं चित्र ठेवलंत तर उद्या दुरुस्ती करता येणार नाही.
७. शेवटी एखाद्या मैत्रिणीला तक्ता वाचायला सांगा आणि तुम्ही नकाशावर बोट ठेवून ताडा.

आकाराचा दोषही ध्यानात ठेवा. मुंबई उपनगराचं क्षेत्र ४४६ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ९३,५६,९६२. गडचिरोलीचं क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १०,७२,९४२. राज्याच्या नकाशात गडचिरोली डोळ्यात भरते, उपनगर ठिपक्याएवढं उरतं. अशा वेळी मुंबईचा भाग कोपऱ्यात वेगळा, मोठा करून दाखवावा.

तालुके किंवा गावं रंगवायची असतील तर अशा ॲपची मर्यादा लवकर लागते, कारण तितके बारीक कोरे नकाशे त्यांत क्वचितच असतात. त्यासाठी संगणकावरचं क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिका. तिथे तक्ता आणि नकाशा कोडनं जोडला जातो, रंग हातानं भरावे लागत नाहीत. पण वरचे चार निर्णय तिथेही तुमचेच.

नकाशा काय सांगत नाही

समजा बदलाचा नकाशा तयार झाला. मुंबई शहर आणि रत्नागिरी दोन्ही नारिंगी. मग दोन्हीकडे एकच गोष्ट घडते आहे का? त्याच जिल्ह्यांचा दुसरा नकाशा करा : २०११ चं लिंग गुणोत्तर, म्हणजे हजार पुरुषांमागे स्त्रिया. मुंबई शहर ८३२, मुंबई उपनगर ८६०, ठाणे ८८६, रायगड ९५९, सिंधुदुर्ग १०३६, रत्नागिरी ११२२. पहिल्या नकाशात शेजारी बसलेले दोन जिल्हे दुसऱ्यात दोन टोकांना गेले.

रत्नागिरीचा ११२२ हा आकडा गडद रंगात पाहिला की "इथे मुलींचं प्रमाण किती चांगलं!" असं वाक्य सहज लिहिलं जातं. ते घाईचं आहे. शून्य ते सहा वयोगटात हेच गुणोत्तर रत्नागिरीतही हजाराच्या बरंच खाली आहे. जन्माला येणाऱ्या मुली जास्त नाहीत, कामाच्या वयाचे पुरुष इथे कमी आहेत. कोकणातल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही, ते चाकरमानी या एका शब्दात आहे. त्यातच २०११ ची लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे गणपती होऊन गेलेले आणि शिमगा यायचा होता. घरं भरलेली असतात त्या दिवसांतली ती मोजणी नव्हे.

तरीसुद्धा "स्थलांतरामुळे" हे कारण नकाशानं सिद्ध केलं असं लिहू नका. नकाशानं प्रश्न नेमका केला, इतकंच. उत्तरासाठी जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते, वयोगटांचे तक्ते आणि गावात जाऊन केलेल्या मुलाखती लागतील. शिवाय जिल्ह्याचा आकडा प्रत्येक गावाला लागू होत नाही. संपूर्ण रत्नागिरी एका रंगात रंगली म्हणून शहराला लागून वाढणारी एखादी ग्रामपंचायत आणि सह्याद्रीच्या पायथ्याची एखादी वाडी यांची स्थिती एक होत नाही.

नकाशाखालची ओळ

शेवटी प्रत्येक नकाशाखाली अशी टीप हवीच. नमुना देते :

"कोकण विभाग : लोकसंख्येतील टक्केवारी बदल, २००१ ते २०११. आधार : भारताची जनगणना. ठाणे जिल्ह्याच्या आकड्यात आजच्या पालघरचा समावेश. गटांची मुख्य सीमा शून्य. घट नारिंगी, वाढ निळी."

पाचच वाक्यं आहेत, पण भागलं कशानं, तोडलं कुठे, साल कोणतं आणि सीमा कोणत्या हे सगळं त्यात आलं. दुसऱ्या कुणी तेच आकडे घेतले तर त्याला हाच नकाशा काढता यायला हवा.

सरावासाठी वर दिलेले लिंग गुणोत्तराचे सहा आकडे घ्या. १००० ही सीमा धरून गट करा आणि मोबाइलवर रंगवा. मग तेच आकडे दोन-दोनच्या तीन गटांत रंगवून दुसरा नकाशा करा. रायगड आणि ठाणे दुसऱ्या नकाशात कुणाबरोबर आहेत, आणि ९५९ नि ८८६ यांना एकच रंग देणं तुम्हाला पटतं का, याचं उत्तर दोन ओळींत लिहा. त्या दोन ओळी लिहिता आल्या की नकाशा तुम्हाला समजला.